अनुभव धागा: थंड लागलं की दातात सणक जाते? काय लावलंत, किती टिकलं?

धागाकर्ती (धरमपेठ, नागपूर)
माठ भरले, कूलरच्या ताट्या बदलून झाल्या, आणि आमच्या ऑफिसातली निम्मी मंडळी उसाच्या रसवाल्याला "भाऊ, बर्फ नको" म्हणू लागली. विचारलं तर म्हणतात, घसा धरतो. घसा कसला, दात शिवशिवतात! मग कोणी गुपचूप सेन्सिटिव्हवाली पेस्ट आणतं, चार दिवस घासतं आणि "सगळी जाहिरातबाजी" म्हणून सोडून देतं. मला पोटॅशियम नायट्रेटच्या पेस्टने फरक पडला, पण पंधरवडा उलटल्यानंतर. तोवर आईस्क्रीमकडे लांबूनच बघत होते.

तर लिहा. कशाने झोंबत होतं, डॉक्टरांनी कारण काय काढलं, काय लावलं. कंपनीचं नाव नको, आतला घटक सांगा. नळीच्या मागे बारीक अक्षरात असतो. आणि लवंग तेलाचे सल्ले कृपया दुसरीकडे.

कळमन्याचा संत्रेवाला
आंबिया बहाराचा माल आला की सकाळपासून फोडी चाखणं सुरू. चव घेतल्याशिवाय भाव कसा करणार? पुढच्या दातांच्या कडा पातळ होत गेल्या. थंडीत गाडीवर बोलायला तोंड उघडलं की वाराच झोंबायचा. डॉक्टर मॅडमनी एकेका दातावर हवेची पिचकारी मारून पाहिलं, कुठला ओरडतो ते. म्हणाल्या, आम्लाने एनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, झिजलंय. आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश लावायचा नाही, त्या वेळी वरचा थर मऊ पडलेला असतो. साध्या पाण्याने चूळ भरा, निदान अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. मी तर चांगलं समजून प्रत्येक वेळी बाजारातून आल्या आल्या घासायचो.

मग फ्लोराइडचं व्हार्निश लावलं. बारीक ब्रशने लावतात, पिवळसर, चिकट. जिभेला दिवसभर विचित्र लागतं. त्या दिवशी कडक खायचं नाही, दात घासायचे नाहीत. फरक लवकर कळला. मात्र ते कायमचं नसतं, काही महिन्यांनी पुन्हा लावावं लागतं. मी हंगामाच्या तोंडावर लावून घेतो. धंदा सोडा असं मॅडम म्हणाल्या नाहीत, हे उपकार.

दातांची डॉक्टर, सदर
वरच्या व्यापारीदादांना उत्तम सल्ला मिळालाय. थोडी भर घालते.

एनॅमलच्या खाली डेंटिन असतं आणि त्यात अतिसूक्ष्म नळ्या, एका चौरस मिलिमीटरात हजारो. एनॅमल झिजलं किंवा हिरडी खाली सरकून मूळ उघडं पडलं की नळ्यांची तोंडं मोकळी होतात. थंड पाणी, वारा, गोड यांनी आतला द्रव हलतो आणि नसेला कळ जाते. म्हणून औषधं दोन जातींची. पोटॅशियम नायट्रेट (पेस्टमध्ये बहुधा ५ टक्के) नसेला शांत करतं. त्याला दोन ते चार आठवडे रोज दोनदा घासण्याची मुदत द्या. बंद केलं की त्रास परत येऊ शकतो. स्टॅनस फ्लोराइड, आर्जिनिन, कॅल्शियम-फॉस्फेटवाली संयुगं नळ्यांची तोंडं बुजवतात. क्लिनिकमध्ये आम्ही ग्लुटाराल्डिहाइड असलेलं द्रावणही वापरतो. ते नळ्यांतली प्रथिनं गोठवतं. हिरडीला लागू नये म्हणून कापूस लावूनच. घरी करायचा प्रकार नाही.

दोन फुकटचे उपाय: घासून झाल्यावर फेस थुंका, पण खळखळून चूळ भरू नका. आणि झोपताना दुखऱ्या जागी तीच पेस्ट बोटाने चोळा. चार आठवड्यांत काहीच फरक नसेल तर पेस्ट बदलत बसू नका, दात दाखवा.

महालातली वहिनी
आमच्या घरी खर्र्याचं (तंबाखू-सुपारी घोटलेला तो) प्रकरण आहे. दीर पेस्ट आणून राहिले, बदलून राहिले, दात काही ऐकून नाही राहिले. शेवटी मीच ओढून नेलं. डॉक्टरांनी दाताच्या आधी तोंड किती उघडतं ते पाहिलं, तीन बोटं उभी आत जातात का म्हणून. दाढा सपाट घासल्या गेल्यात, सुपारीने. त्यांनी स्पष्टच सांगितलं, खर्र्याची पन्नी खिशात असेल तर माझी पेस्ट काय करणार? सध्या खर्रा "कमी" आहे म्हणतात. बाप्पा जाणे.

मानेवाड्याहून
माझ्या दातांना हिरडीपाशी खाचा पडल्या होत्या, नख अडकेल एवढ्या. कडक ब्रश, तोही करवत चालवल्यासारखा आडवा. पेस्टने थोडं बरं वाटायचं, पण खाच तशीच. मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवलं, तिथे खाचा सिमेंटने भरल्या. उरलेल्या दातांना नायट्रेटची पेस्ट चालू आहे. सॉफ्ट ब्रशने दात स्वच्छच होत नाहीत असं सुरुवातीला वाटतं. होतात.

फुटाळ्याचा रोजचा गडी
माझं उलटं. थंडाला काही नाही, चहाने दुखायचं, आणि घोट गिळल्यावरही बराच वेळ ठणकायचं. एकच दाढ. एका दवाखान्यात सेन्सिटिव्ह पेस्ट लिहून दिली, ती घासत बसलो. दुसरीकडे एक्स-रे काढला तर कीड दाताच्या नसेपर्यंत गेलेली. रूट कॅनाल झालं.

सदरच्या डॉक्टर (पुन्हा)
हे वाचून घ्याच. सणक थंडाने येऊन लगेच जाते, ती वेगळी. गरमाने दुखणं, मागे रेंगाळणं, रात्री झोपेतून उठवणं किंवा चावताना एकाच दाढेत कळ, यातल्या कशालाही पेस्टचं औषध नाही.

नवी मुलगी, त्रिमूर्तीनगर
पाचवा महिना चालू आहे, सकाळी उलट्या होतात आणि आता पाणीसुद्धा झोंबतं. उलटीनंतर तोंड कडू होतं म्हणून लगेच घासते. बरोबर आहे का?

सदरच्या डॉक्टर
लगेच नको. संत्र्यासारखंच, पोटातलं आम्लही एनॅमल मऊ करतं. पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चूळ भर, अर्धा तास थांब, मग घास. फ्लोराइडची पेस्ट चालते. तपासणीला जाशील तेव्हा गरोदर असल्याचं आधी सांग.