भांडुपचं काटा-दुरुस्तीचं दुकान लासलगावला हलवावं का?

काटेवाला भांडुप

नमस्कार मंडळी. मी इलेक्ट्रॉनिक वजनकाटे दुरुस्त करतो. राहायला भांडुप, गाळाही तिथेच, पण काम मुलुंडपासून मस्जिद बंदरपर्यंत फिरून. वैधमापनचं, म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचं, दुरुस्तीचं लायसन्स आहे, कसोटीची वजनं आहेत, हाताखाली एक पोरगा आहे.

अडचण अशी की गाळ्याचं भाडं आता परवडेना. शिवाय टेबलावरचे काटे इतके स्वस्त झालेत की दुरुस्तीचा आकडा ऐकला की दुकानदार सरळ नवाच घेतो. बायकोचं माहेर निफाडजवळचं. मेव्हणे म्हणतात, लासलगावला या, कांदा मार्केटच्या यार्डाजवळ गाळा बघून देतो, भाडं तुमच्या भांडुपच्या मानाने काहीच नाही. मागच्या हंगामात जाऊन आलो. ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअपची रांग पार रस्त्यापर्यंत. म्हटलं, जिथे एवढा माल तोलला जातो तिथे काट्याच्या मेकॅनिकला काम नसेल असं कसं होईल?

बायको तयार आहे, मुलगी आठवीत आहे, ती तयार नाही. तिकडे राहिलेल्या किंवा तिकडच्या लोकांशी व्यवहार असलेल्या कुणी मोकळेपणाने सांगावं. धंदा चालेल का, उधारीचं काय, आणि मुंबईचा माणूस तिथे टिकतो का?

गोणीवाला, वाशी

मी कांदा-बटाटा मार्केटला आहे, नाशिक जिल्ह्यातला माल रोज बघतो. तुमची एक गल्लत आधी दूर करतो. आमच्याकडे कांदा गोणीत येतो, लासलगावला खुला विकला जातो. अख्खी ट्रॉली भुईकाट्यावर चढते, रिकामी होऊन परत चढते, वजाबाकी झाली की वजन. तुम्ही रांग बघितलीत ती त्या मोठ्या काट्याची. टनांच्या काट्याचं काम तुम्ही करता का? त्याला कसोटीची वजनंही त्या मापाची लागतात आणि ती गाडीत घालून फिरावं लागतं. बहुतेक मोठे काटे ज्या कंपनीने बसवले तिच्याच माणसाकडे असतात.

तुमच्या जोगे काटे व्यापाऱ्याच्या खळ्यावर. तिथे निवड होते, गोल्टी म्हणजे बारका कांदा बाजूला पडतो आणि 50 किलोची गोणी भरली जाते. एक्सपोर्टचा माल असेल तर लहान जाळीच्या पिशव्या. काम आहे, पण रांगेएवढं नाही.

आणि टोमॅटोच्या भरवशावर जाऊ नका. पिंपळगाव बसवंतला टोमॅटो 20 किलोच्या क्रेटवर बोलला जातो. क्रेट मोजतात, तोलत नाहीत.

लालबागची लेक

दादा, माझं माहेर लालबाग, सासर लासलगाव. आमचं मोटर रिवाइंडिंगचं आणि इलेक्ट्रिक सामानाचं दुकान आहे. वाइंडिंगला नवरा, गल्ला आणि उधारीची वही माझ्याकडे. लायसन्सचं कुणीही सांगेल, मी वहीचं सांगते.

तुम्ही रांग बघून आलात. रांग म्हणजे आवक. आवक बघून इथे दुकान मांडायचं नसतं, भाव बघून मांडायचं. यार्डात पाय ठेवायला जागा नाही अशा दिवशी आमच्याकडे शुकशुकाट असतो, आणि आवक निम्म्यावर असते तेव्हा लोक मागची बाकी आणून देतात. मुंबईत गर्दी तिथे धंदा, हे गणित डोक्यात पक्कं बसलेलं असतं. माझ्याही होतं. इथे शंभर ट्रॉल्या उभ्या असतील आणि भाव पडलेला असेल, तर शंभर माणसं ट्रॉलीचं भाडं खिशातून देऊन घरी जाणार. त्यांच्यातला एकही चहाशिवाय काही विकत घेत नाही.

वर्षाचं चक्र असं. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून लाल कांदा, मागोमाग जानेवारी ते मार्च रांगडा, आणि मार्च-एप्रिलपासून उन्हाळ. लालमध्ये पाणी जास्त, तो टिकत नाही, म्हणून भाव असो नसो शेतकरी तो आणतोच. उन्हाळ चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये, भरता येतो, नीट राहिला तर दिवाळीपर्यंत. म्हणजे पावसाळाभर गावाचा पैसा चाळीत असतो. गिऱ्हाईक येतं, वाइंडिंग केलेली मोटर उचलतं आणि म्हणतं, "वहिनी, चाळ फोडली की देतो." चाळ कधी फोडणार? भाव चढल्यावर. भाव चढला की म्हणणार, अजून चढू दे. तोवर खाली सड लागते, वजन घटतं, वरून सरकारचा एखादा निर्णय येतो.

ऑगस्ट 2023 मध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं, व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. 8 डिसेंबरला निर्यातच बंद झाली, तीही ऐन लाल कांद्यात. महिनाभरात भाव निम्म्यावर. मे 2024 मध्ये बंदी उठली, शुल्क राहिलं, ते पुरतं गेलं 1 एप्रिल 2025 ला. दिल्लीत कागद निघाला की लासलगावच्या सलूनवाल्यापासून साडीवाल्यापर्यंत सगळ्यांचा गल्ला बसतो. आमच्या वहीत त्या डिसेंबरची पानंच्या पानं नावे आहेत, जमेच्या बाजूला काही नाही.

आता तुमच्या काट्यांचं. काम आहे, आणि माणूस नाही. नात्यातल्या एका खळ्यावर प्लॅटफॉर्म काट्याखाली कांद्याचं फोलपट आणि माती साचून शून्यच येईना. हमालाने काटा उचलून दोनदा आपटला. शून्य आलं, पण 50 ची गोणी 49 दाखवायला लागली. नाशिकहून मेकॅनिक येईपर्यंत व्यापारी एक किलो मनात धरून गोण्या भरत होता. उंदीर वायर कुरतडतात, लाइट जाते-येते, बॅटऱ्या बसतात. हे सगळं तुम्हाला रोज मिळेल.

पैसे कोण देणार ते मात्र आधी ठरवा. व्यापारी देतो, पण दहा चकरा मारायला लावून. दूध संकलनवाले ठरल्या दिवशी देतात. सगळ्यात रोख म्हणजे द्राक्षवाले. जानेवारी ते एप्रिल निफाड-पिंपळगाव पट्ट्यात पॅकहाउसं चालू असतात, 500 ग्रॅमची पनेटं, म्हणजे द्राक्षाचे छोटे डबे, भरायला टेबलकाट्यांची ओळ लावलेली असते. तिथे काटा बंद पडला तर बायकांचा हात थांबतो आणि कंटेनर अडतो. ते रात्री फोन करून बोलावतील आणि हातावर पैसे ठेवतील. मी तुमच्या जागी असते तर यार्डासमोरचा गाळा घेतलाच नसता. पॅकहाउसं आणि डेअऱ्यांकडून वर्षाची देखभाल बांधून घेतली असती आणि गाळा विंचूर किंवा निफाडच्या बाजूला, रस्त्याला धरून बघितला असता.

आणखी एक. तुम्ही इकडचे जावई. गावभर दाजी म्हणून चहा मिळेल आणि दाजी म्हणूनच बिल थकेल. भांडुपला ज्याला उधारी नाकारली तो परत दिसत नाही. इथे तोच माणूस मेव्हण्याच्या बांधाला बांध लावून शेती करतो. बिल मागायचं काम तुमच्या हाताखालच्या पोराला द्या, तो कुणाचा दाजी नाही.

पंचवटीकर

धंद्यातलं मला कळत नाही, पण सासुरवाडी तिकडची असल्याने जाणं-येणं जुनं. मुंबईशी नातं ठेवायचं असेल तर पंचवटी एक्स्प्रेस लासलगावला थांबते. सकाळी लवकर निघून अकराच्या आत सीएसएमटी, संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास परत. एका दिवसात खरेदी उरकते, फक्त घरी पोचेपर्यंत गावात कुत्री सोडून कुणी जागं नसतं.

थंडीचा विचार करून जा. निफाड तालुका म्हणजे राज्यातल्या गारठ्याचं ठिकाण, डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. भांडुपचा स्वेटर तिकडे बनियनच्या जागी वापरतात. पण त्याच दिवसांत मुलीला नांदूर मधमेश्वरला न्या. राज्यातली पहिली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ जागा, 2020 ला ते जाहीर झालं. पहाटे रोहित आणि चक्रवाक पक्षी बघितले की पोरीचा राग थोडा उतरेल. येवलाही जवळच आहे, पण पैठणीच्या दुकानात बायकोसोबत जाण्याआधी पॅकहाउसचं पेमेंट आलंय ना ते बघा.

काटेवाला भांडुप

सगळ्यांचे आभार. गोणीवाले, टनांच्या काट्याचं काम मी करत नाही, तेव्हा तुमचा मुद्दा बरोबर बसला. ताई, द्राक्षाचं डोक्यातच नव्हतं. मेव्हणेही कांद्याशिवाय काही बोलले नाहीत, त्यांचा स्वतःचा कांदाच असतो.

दोन शंका. भांडुपचं लायसन्स तिकडे चालेल का? आणि घर न हलवता फक्त हंगामात येऊन-जाऊन जमेल का? मुलीची दहावी होईपर्यंत तरी.

गोणीवाला, वाशी

लायसन्सवर कामाची जागा लिहिलेली असते. गाळा तिकडे घेतलात तर वैधमापनच्या कार्यालयात जाऊन त्याची नोंद करून घ्या, तोंडी कुणी काही सांगितलं तर ऐकू नका. आणि हे तुम्हाला माहीतच असेल, पण सील उघडून दुरुस्त केलेला काटा परत तपासून शिक्का बसल्याशिवाय वापरायचा नाही. खळ्यावरचे लोक म्हणतात, "शिक्क्याचं नंतर बघू, आधी चालू करून द्या." तसं देऊ नका. पुढे निरीक्षक आला की ते तुमचं नाव सांगून मोकळे होतील.

लालबागची लेक

येऊन-जाऊन जमेल, जानेवारी ते एप्रिल तर नक्कीच. खोली भाड्याने घेताना नळ बघून भुलू नका, पाणी किती दिवसांनी येतं ते शेजारणीला विचारा, घरमालकाला नको. टाकी मोठी हवी.

गाळा घेण्याआधी डिसेंबरात एका सकाळी लिलावाला उभे राहा. मेव्हण्यांना बरोबर आणू नका, ते ओळखीपाळखीतच वेळ घालवतील. व्यापाऱ्यांचा घोळका ट्रॉलीमागून ट्रॉली पुढे सरकतो, एकेका मालाला मिनिटभरही देत नाही. एखादा मूठभर कांदे उचलून दाबून बघतो, बोली तुटते, चिठ्ठी हातात. त्यातल्या कुठल्याही एका ट्रॉलीच्या मागे जा. भुईकाटा, मग खळं. तिथे माल ओतला की "वर एक आणि आत एक निघाला" म्हणून भावाची घासाघीस, मग रिकामी ट्रॉली परत काट्यावर, मग हिशेबपट्टी, मग पैसे. या वाटेवर कुठे कुठे लहान काटा लागतो तो मोजा आणि त्याच्यावरच्या शिक्क्याचं वर्ष वाचा. मेव्हण्यांनी सांगितलेल्या आकड्यापेक्षा तो आकडा खरा.

याल तेव्हा आधी कळवा. लोहार चाळीत माझी कपॅसिटरची एक पेटी पडून आहे, भांडुपवरून निघालात तर दादरला गाडी धरण्याऐवजी सीएसएमटीलाच या आणि तेवढी घेऊन या. पैसे दिलेले आहेत.