डिस्कशी बोलणारा असेंब्ली कोड: चूक एम्युलेटरवर शोधावी की खऱ्या यंत्रावर?

खानापूरकर
मोडीत निघालेल्या जुन्या संगणकावर डिस्कची ओळख विचारणारा छोटा कोड चालवत होतो: हेक्स (सोळाच्या पायावरील) १एफ७ या पोर्टवर, म्हणजे डिस्कशी बोलायच्या दारावर, ईसी ही आज्ञा द्यायची आणि १एफ० वरून २५६ वर्ड (प्रत्येकी दोन बाइट) वाचायचे. एम्युलेटरवर (संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) मॉडेलचे नाव बिनचूक दिसे, खऱ्या यंत्रावर मात्र निव्वळ कचरा. आज्ञेनंतर सुमारे ४०० नॅनोसेकंद थांबल्याशिवाय त्याच १एफ७ वरून वाचायच्या, डिस्कची स्थिती सांगणाऱ्या स्टेटस रजिस्टरवर विसंबता येत नाही; मी लगेच पाहिले, डिस्क कामात असल्याचे दाखवणारा बिझी बिट अजून चढलाच नव्हता आणि डिस्क मोकळी आहे असे समजून कोड पुढे गेला. गंमत म्हणजे, तपासासाठी पडद्यावर एक अक्षर छापले की तेवढ्या विलंबात दोष नाहीसा होई! म्हणून माझे मत असे, की असा कोड पहिल्या दिवसापासून खऱ्या डिस्कवरच तपासावा.

टिळकवाडीकर
अनुभव मान्य, निष्कर्ष मान्य नाही. बेळगावातील अभियांत्रिकीचे विद्यार्थी माझ्याकडे जो कोड घेऊन येतात, त्यातील बहुतेक चुकांशी वेळेचा काहीच संबंध नसतो. बायोसच्या (संगणकातील मूळ प्रोग्रामच्या) इंटरप्ट १३ चे डिस्कची माहिती देणारे ०८ हे फंक्शन परतते तेव्हा प्रोसेसरच्या डीएल रजिस्टरमध्ये आपण ठेवलेला पहिल्या हार्ड डिस्कचा हेक्स ८० हा क्रमांक उरत नाही, तेथे डिस्कची संख्या येते. एकच डिस्क असेल तर पुढचे वाचन १ क्रमांकावर, म्हणजे दुसऱ्या फ्लॉपीवर जाते, आणि विद्यार्थी डिस्कला दोष देत बसतो. एम्युलेटरमध्ये ब्रेकपॉइंट लावून, म्हणजे कोड मध्येच थांबवून, रजिस्टर पाहिले तर ही चूक पाच मिनिटांत सापडते. मॉडेलचे नाव जोडीजोडीने उलटे दिसणे हीदेखील बिघाडाची खूण नव्हे. प्रत्येक वर्डातील दोन अक्षरांची अदलाबदल आपणच करायची असते. शिवाय २० ऐवजी चुकून ३० ही आज्ञा गेली तर वाचण्याऐवजी लिहिले जाते. घरच्या एकुलत्या एका डिस्कवर हा प्रयोग कोणी करावा?

निपाणीकर
खरे यंत्र म्हणजे नेमके कोणते, हे आधी ठरवा. एएचसीआय या डिस्क जोडण्याच्या नव्या रीतीत चालणाऱ्या संगणकावर हे जुने पोर्ट बहुधा उत्तरच देत नाहीत; स्टेटस एफएफ आले तर तेथे कोणी नाही असे समजून थांबावे. ही तपासणी तुम्हा दोघांच्याही बोलण्यात आली नाही.

खानापूरकर
एफएफची तपासणी माझ्या कोडमध्ये खरोखरच नव्हती, आज घालतो. डीएलबाबत टिळकवाडीकरांचे म्हणणे मान्य. पण साहेब, ज्या ब्रेकपॉइंटची आपण शिफारस करता, त्यानेच माझा दोष झाकला असता, कारण तेथे थांबले की ४०० नॅनोसेकंद केव्हाच उलटून जातात. आता आज्ञेनंतर ३एफ६ वरील पर्यायी स्टेटस चार वेळा वाचून पहिली चार उत्तरे सोडून देतो. १एफ७ वाचल्यावर प्रलंबित इंटरप्ट (डिस्कने प्रोसेसरला दिलेली सूचना) पुसला जातो, तसे येथे होत नाही. माझ्याकडे रिकाम्या तीन डिस्क आहेत. रविवारी आपल्या विद्यार्थ्यांचा कोड घेऊन या, त्यावरच चालवून पाहू.