सीसॉला मराठीत काय म्हणता? (आणि द्रव्यमान की वस्तुमान)

गणपतीत आमच्या मंडळात भाची पंधरा मिनिटं बोलणार आहे, न्यूट्रिनो या अतिशय हलक्या कणाला वस्तुमान कुठून आलं ते कोलायडरमध्ये (कणांची टक्कर घडवणाऱ्या यंत्रात) कसं शोधतात यावर. आम्ही इंदूरचे, तिचं शिक्षण हिंदी-इंग्लिशमध्ये, त्यामुळे मराठीत नीट करून द्यायचं काम माझ्याकडे. तिने "द्रव्यमान" लिहिलेलं ते मी "वस्तुमान" केलं, तर म्हणते मामा हे काय नवीनच! आणि "भारी न्यूट्रिनो" वाचून पुण्याहून आलेला पाहुणा इतका हसला की विचारू नका. आता अडलंय ते सीसॉ मेकॅनिझमपाशी, म्हणजे बागेतल्या सीसॉसारखं, जोडीदार कण जितका जड तितका न्यूट्रिनो हलका, ही कल्पना. मी "तराजू यंत्रणा" ठोकून दिलंय, चालेल का?

— वस्तुमानच, महाराष्ट्रातल्या शाळेच्या पुस्तकांत तेच असतं. वजन मात्र लिहू नका, ती वेगळी गोष्ट. भारीचं "जड" करा. पण दादा, तराजू नको हो. तराजूत पारडी सारखी आली की काम झालं, इथे तर ती सारखी यायलाच नकोत. समजा इतर कणांसारखं नेहमीचं वस्तुमान १०० जीईव्ही (कणांचं वस्तुमान आणि ऊर्जा दोन्ही यातच मोजतात, एक जीईव्ही म्हणजे शंभर कोटी ईव्ही), त्याचा वर्ग करा आणि जड जोडीदाराच्या वस्तुमानाने भागा, म्हणजे एकावर चौदा शून्यं जीईव्ही, उत्तर येतं ०.१ ईव्ही. खालचा आकडा फुगला की उत्तर रोडावतं. खरा न्यूट्रिनो इलेक्ट्रॉनच्या दहा लाखाव्या हिश्श्याहून हलका आहे, म्हणून तर ही युक्ती लोकांना पटते.

— मग "तरफ" घ्या ना, टेकू वगैरे सगळं आलंच त्यात.

— तरफ म्हटलं की पहार घालून दगड उचलणारा माणूस दिसतो मला. त्यापेक्षा ढेकली. आजोबांच्या देवासकडच्या मळ्यात विहिरीवर होती, आडवं लांब लाकूड, एका टोकाला दगड बांधलेला, दुसऱ्याला दोरीने बादली, दगड खाली बसला की बादली आपोआप वर. शब्द मराठी नाही, इकडचाच आहे, पण चित्र अगदी तेच: दगड म्हणजे जड जोडीदार, बादली म्हणजे आपला हलका न्यूट्रिनो.

— भिया, पण चौदा शून्यं असतील तर कोलायडर काय करणार? एलएचसी हा सगळ्यात मोठा कोलायडर, त्याची टक्कर १३.६ टीईव्हीची, म्हणजे जेमतेम १३,६०० जीईव्ही.

— बरोब्बर विचारलंत. पण वर वर्ग करायचा तो आकडाच बारीक असेल तर दगडही छोटा चालतो, बादली तेवढीच वर राहते. असा छोटा दगडच एलएचसीवरच्या ॲटलास आणि सीएमएस या प्रयोगांतले लोक शोधतात. तो फुटला तर सारख्याच चिन्हाच्या विद्युतभाराचे दोन इलेक्ट्रॉन किंवा दोन म्यूऑन (इलेक्ट्रॉनचे जड भाऊ) निघू शकतात, किंवा तो थोडा जगून टक्करीच्या जागेपासून जरा लांब जाऊन फुटतो. अजून सापडलेला नाही, हे भाचीला स्पष्ट सांगायला लावा, नाहीतर लोक टाळ्या वाजवून मोकळे होतात. आणि आपल्या इंदूरच्या कॅट संशोधन केंद्राचं नाव घ्यायला विसरू नका, एलएचसीचे ते पंधरा-पंधरा मीटरचे मॅग्नेट ज्या जॅकवर टेकलेत त्यावर तिथल्या लोकांनी काम केलंय.

— जॅकला "टेकू" लिहिलं तर?

— लिहा की, तरफवाल्यांचंही समाधान!

ठरलं मग. शब्द सीसॉच ठेवतोय, समजवताना ढेकली. आत्ता आईला वाचून दाखवलं, ती रत्नागिरीकडची, लग्न होऊन इकडे आलेली. ढेकलीपर्यंत आली आणि म्हणाली, "अरे, ही तर आमची ओकती!"