रानगवत खारवट जमिनीत तगतं, मग आपलं पीकच का करपतं?

मोहोळचं_रान:
नमस्कार मंडळी. मोहोळ तालुक्यात कॅनॉलच्या खालच्या अंगाला आमचं अडीच एकर काळं रान आहे, वडलांनी तिथं पंधरा वर्षं उसावर ऊस घेतला, पाणी भरपूर पण निचरा काहीच नाही, आता उन्हाळ्यात खालच्या कोपऱ्यात पांढरं फुटतं. मागच्या वर्षी तिथं टोमॅटो लावला, पानांच्या कडा करपत गेल्या आणि पहिल्या तोड्याआधीच प्लॉट गेला. बांधावरचं गवत आणि वेडी बाभळ मात्र हिरवीगार. आजोबा म्हणायचे जुनं बी असतं तर तगलं असतं. माणसानं पिकं माणसाळवताना ही ताकद खरंच घालवली का? घरात खपली गव्हाचं जुनं बी आहे, टाकून बघू का?

बियाणं_आणि_जीन:
दादा, टोमॅटोपुरतं आजोबांचं बरोबर आहे. सोडियम पाण्याबरोबर मुळातून वर चढतो, पानात साठला की कडा करपतात, तुम्ही पाहिलं तेच. सोसणारं झाड त्याला वाटेतच अडवतं. पेरू-इक्वेडोरकडं करवंदाएवढा रानटी टोमॅटो आहे, त्याला हे आपल्या टोमॅटोपेक्षा चांगलं जमतं. २०२० च्या एका संशोधनात दिसलं की सोडियम-पोटॅशियमची ने-आण करणारं एसएलएचएके२० नावाचं जीन (म्हणजे जनुक) माणसाळताना बदललं आणि क्षार सोसायची ताकद कमी झाली. मुद्दाम कुणी काढलं नाही हो, चांगल्या रानात गोड्या पाण्यावर मोठं फळ बघून बी धरत गेले, तिथं क्षाराची परीक्षाच नव्हती, मग तो गुण गेला तरी कळणार कसं.

पण खपलीवर विसंबू नका. आपल्या चपातीच्या गव्हात क्षार अडवणारं एक जीन आहे, ते खपलीच्या जातीतल्या जुन्या गव्हाचा एका रानगवताशी साधारण ८ ते १० हजार वर्षांपूर्वी आपोआप संकर झाला त्यातून आलं. म्हणजे शेती सुरू झाल्यावर ही ताकद मिळाली! खपलीत त्या गवताचा हिस्साच नाही. शेवयांच्या बन्सी गव्हातही नाही. तसल्याच ड्युरम गव्हात ऑस्ट्रेलियाच्या शास्त्रज्ञांनी एका दुसऱ्या जुन्या गव्हातलं तसंच जीन साध्या संकरानं आणलं, २०१२ मध्ये निकाल छापला, खारवट रानात उत्पादन २५ टक्क्यांपर्यंत वाढलं.

बी किती जुनं यापेक्षा ते कुठल्या रानात धरलं गेलं ते बघा. राजस्थानातला खारचिया गहू खारट रानात, केरळचा पोक्काळी भात समुद्राचं पाणी शिरणाऱ्या खाचरात पिढ्यान्‌पिढ्या निवडला गेला, म्हणून त्यांच्यात ताकद राहिली. दोन्ही शेतकऱ्यांचीच वाणं.

नान्नजची_बाग:
आम्ही द्राक्षवाले रानटी मुळांवरच जगतोय की. बोरचं पाणी मचूळ झालं, स्वतःच्या मुळावरची बाग टिकंना, तेव्हा डॉगरिजचा खुंट आला, म्हणजे खालचं मूळ-खोड त्याचं. तो मूळचा टेक्सासकडच्या जंगली द्राक्षाचा, त्यावर थॉमसन नाहीतर माणिक चमन या खायच्या द्राक्षांचं कलम भरायचं. पण निचरा नसंल तर खुंटही किती दिवस तग धरणार, चर आधी काढा.

मोहोळचं_रान:
खूप आभार दोघांचे. खपली राहू दे मग. त्या कोपऱ्यात काय घेऊ?

बियाणं_आणि_जीन:
ज्वारी. उसाचं उत्पादन ईसी (मातीतल्या क्षाराचं माप) १.७ च्या वर घटायला लागतं, टोमॅटोचं २.५, ज्वारी ६.८ पर्यंत सोसते. फक्त हे आकडे संपृक्त, म्हणजे पाण्यानं पुरती भिजवलेल्या, मातीच्या अर्काचे आहेत, आपल्याकडं लॅबमध्ये बहुतेक माती पाण्यात जास्त पातळ करून मोजतात, तो आकडा कमीच दिसतो, थेट जुळवू नका. सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला, सोडियम १५ टक्क्यांच्या वर निघाला तर ती चोपण, तिथं मातीच आवळून बसते, मुळांना हवा मिळत नाही, कुठलंही जीन पुरं पडणार नाही. जिप्सम आणि निचरा दोन्ही लागतील.

मोहोळचं_रान:
उद्याच माती काढतो, वरच्या रानाची वेगळी आणि कोपऱ्याची वेगळी. रिपोर्ट आला की इथंच टाकतो.