तिसाव्या आठवड्यात जुळी. बाळं पुण्यात, आई फलटणला. सल्ला हवा

नवा_बाबा: नमस्कार. बायकोचं बीपी फार वाढलं म्हणून तिसाव्या आठवड्यातच फलटणला सिझेरियन करावं लागलं. मुलगा १३४० ग्रॅम, मुलगी १०८० ग्रॅम. त्याच रात्री दोघांना पुण्याला एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात हलवलं. मुलगी सीपॅपवर (नाकातून दाबाने हवा देणारं यंत्र) आहे, मुलगा आता नुसत्या ऑक्सिजनवर. आज सहावा दिवस. काल सासूबाईंनी घरी पाटा-वरवंटा मांडून पाचवी पुजली, आणि बाळं इथे काचेत. हिला अजून प्रवासाची परवानगी नाही. दुधाचं काय करायचं, डब्याची पावडर चालेल का? आणि काचेबाहेर उभं राहण्यापलीकडे मी काय करू शकतो? यातून गेलेल्यांनी कृपया सांगा.

जुळ्यांची_आई: दादा, पावडरचं मनातून काढा. आत्ता वहिनींना फोन लावा आणि सांगा, दर तीन तासांनी दूध काढायचं, दिवसरात्र मिळून आठ वेळा, रात्रीची पाळी चुकवायची नाही. बाळ अंगावर पीत नसलं की पान्हा आटतो, म्हणून हे लागतं. माझी एकतिसाव्या आठवड्यातली. पहिल्यांदा दीड मिली चीक आला तेव्हा मी रडले. सिस्टर म्हणाल्या, "अहो, नळीने एका वेळी एकेक मिलीच देतोय, दोघांचंही जवळजवळ भागलं." इतक्या लहान बाळांच्या आतड्याला सूज येऊन ते सडण्याची भीती असते, आईच्या दुधाने ती बरीच कमी होते.

आणायचं कसं, तर निर्जंतुक डब्या युनिटमधूनच मागून घ्या, दूध काढलं की लगेच फ्रीजमध्ये, आणि बर्फाचे पॅक घातलेल्या डब्यातून चोवीस तासांच्या आत इथे. आमच्याकडे दीर रोज पहाटेच्या एसटीने आणायचा. वहिनींची बीपीची औषधं कोणती तेही डॉक्टरांना सांगा. तरी कमी पडलं तर दूधपेढीचं विचारा. आशियातली पहिली १९८९ साली मुंबईत शीवच्या रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, आता पुण्यातही आहेत. दान केलेलं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवूनच देतात, घाबरू नका.

मध, सोनं उगाळून, गुटी यातलं काहीही नको. कोणी कितीही मायेने म्हणू दे.

रात्रपाळी_सिस्टर: भाऊ, तुम्ही काचेच्या आत या. कांगारू केअर, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवणं, फक्त आईनेच द्यायची असं नाही. कोलंबियातल्या बोगोटामध्ये बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या पुरेनात म्हणून ही पद्धत सुरू झाली, आणि २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना सांगते की अशा बाळांना दिवसातून किमान आठ तास छातीशी धरा. वडिलांच्या छातीवरही बाळाचं अंग गरम राहतं, श्वास सुधारतो. अंघोळ करून पुढून बटणांचा शर्ट घाला. अत्तर नको, घड्याळ-अंगठी काढून ठेवा. बाळाला टोपी, मोजे, डायपर एवढंच. एकदा घेतलं की निदान तासभर ठेवा, सारखं आत-बाहेर केलं की बाळ दमतं. डॉक्टरांना विचारून मुलापासून सुरुवात करा. सीपॅपवरचं बाळही स्थिर असलं तर घेता येतं.

डोळ्यांच्या पडद्याची तपासणी स्वतःहून विचारा. मुलाची महिन्याच्या आत. मुलगी १२०० च्या खाली आहे, तिची दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. हे पुढे ढकलू देऊ नका, मी हात जोडून सांगते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या पडद्याला इजा होऊ शकते, ती वेळेत सापडली तर लेसरने दृष्टी वाचते.

भीमथडी: खर्चाचं कोणी बोललं नाही. हॉस्पिटल धर्मादाय ट्रस्टचं आहे का बघा. तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के सवलतीत द्याव्या लागतात. बिल फुगायची वाट न बघता उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवकांना आजच भेटा. सरकारी रुग्णालयात नवजात बाळाचे उपचार मोफतच असतात.

नवा_बाबा: सगळ्यांचे आभार. दुपारी मुलाला सव्वा तास छातीवर धरलं. मॉनिटर एकदाही वाजला नाही. हिला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, ती काही बोललीच नाही, नुसती बघत राहिली. मुलीला घेण्याचं डॉक्टर उद्या ठरवणार आहेत. पहाटे मेव्हणा पहिल्या पाच डब्या घेऊन निघतोय. डब्यांवर दोघांची नावं वेगवेगळी लिहायची का?

रात्रपाळी_सिस्टर: आईचं नाव, केस नंबर, काढल्याची तारीख आणि वेळ लिहा. वाटणी आम्ही करतो.