मासे आणि भाज्या एकाच पाण्यावर वाढत असतील, तर वनस्पतिजन्य फवारणीही बंद करावी का?

जलपर्ण (धागाकर्ती)

हरितगृहात भाजीपाला पिकवणाऱ्यांपुढे ‘नैसर्गिक कीड नियंत्रण’ हा विषय निघाला की बोलणे बहुधा एखाद्या अर्कावर आणि फवारणीच्या पंपावर येऊन थांबते. माझे म्हणणे असे आहे की, जेथे माशांच्या टाकीतले पाणी भाज्यांच्या मुळांशी जाते आणि तेच पुन्हा टाकीत परतते, अशा ॲक्वापोनिक्समध्ये पिकावर कोणतीही कीटकनाशक फवारणी करू नये, मग ते औषध वनस्पतिजन्य का असेना. अपवाद फक्त बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचा. बाकी सारे काम मित्रकीटक (किडींना मारणारे कीटक व कोळी), कीटकरोधक जाळी आणि स्वच्छता यांच्यावर सोपवावे आणि तेही कीड दिसायच्या आधीपासून.

‘वनस्पतीपासून मिळालेले’ म्हणजे ‘माशांना निर्धोक’ ही समजूत धोक्याची आहे. डेरिस कुळातल्या वेलींच्या मुळांतून मिळणारे रोटेनोन पूर्णपणे वनस्पतिजन्य आहे आणि बागांमध्ये ते दीर्घकाळ कीटकनाशक म्हणून वापरले गेले. तेच रोटेनोन तळ्यातले नको असलेले मासे मारण्यासाठीही वापरतात, कारण ते कल्ल्यांवाटे शरीरात शिरून पेशींचे श्वसन बंद पाडते. शेवंतीच्या जवळच्या फुलांपासून मिळणारे पायरेथ्रिन उन्हात लवकर विघटित होते हे खरे आहे; पण पाण्यात लिटरमागे काही मायक्रोग्रॅम एवढी मात्राही अनेक जातींच्या माशांचा जीव घेते. पोटॅशियम साबण माणसाला सौम्य वाटतो; परंतु मावा या रस शोषणाऱ्या किडीच्या अंगावरचा मेणाचा थर मोडणारा त्याचा गुण कल्ल्यांच्या नाजूक पडद्यांनाही इजा करतो.

याउलट मित्रकीटकांचा अनुभव जुना आहे. टोमॅटोच्या पानांवरील पांढऱ्या माशीची काही पिल्ले काळी पडलेली आढळली, त्यावरून एन्कार्सिया फॉर्मोसा या इवल्याशा परोपजीवी (किडीच्या शरीरात अंडी घालून तिला मारणाऱ्या) गांधीलमाशीचा माग लागला आणि १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील चेशंट येथील संशोधन केंद्रात तिची पैदास सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीसारखी रसायने आली आणि हे काम मागे पडले. पुढे पांढरी माशी आणि पानांचा रस शोषणारा लाल कोळी त्या रसायनांना दाद देईनासे झाले, तेव्हा उत्पादक पुन्हा मित्रकीटकांकडे वळले. आज भिंग घेऊन पानाची खालची बाजू पाहिली तर तिचे काम स्पष्ट ओळखता येते: काळ्या पडलेल्या पिल्लाच्या पाठीवर गोल छिद्र असेल तर त्यातून गांधीलमाशी बाहेर पडली आहे, आणि फिकट रिकाम्या कवचावर इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी चीर असेल तर तेथून पांढरी माशी सुटली आहे.

थुरिंजिएन्सिसला अपवाद करण्याचे कारण त्याच्या कार्यपद्धतीत आहे. त्याचे स्फटिकरूप प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळून विषारी बनते. माशांमध्ये ते तसे काम करत नाही. मात्र त्याच्या तयार द्रावणात मिसळलेले इतर घटक तपासूनच ते वापरावे.

निंबोळी

धागाकर्तीचा हेतू चांगला आहे, पण सगळ्या वनस्पतिजन्य औषधांना एकाच दोरीने बांधणे मला पटत नाही. रोटेनोन आणि पायरेथ्रिन यांची माशांवरची विषारता सर्वमान्य आहे, त्यावर वाद नाही. कडुनिंबातील ॲझाडिरॅक्टिन मात्र वेगळ्या प्रकारचे आहे. ते किडीला तत्काळ मारत नाही. तिची भूक मंदावते, कात टाकण्याची प्रक्रिया बिघडवते, आणि माशांसाठी त्याची विषारता पायरेथ्रिनच्या मानाने पुष्कळ कमी आहे. प्रश्न विष आहे की नाही एवढाच नसतो. किती मात्रा, कोणत्या वाटेने आणि किती पाण्यात पोचते, हे पाहावे लागते. तरंगत्या तराफ्यावर रोपे असतील तर पाण्याचा बहुतेक पृष्ठभाग झाकलेला असतो. ट्रे बाहेर काढून, दूर नेऊन पानांच्या खालच्या बाजूने बारीक तुषारांनी फवारले आणि पाने पूर्ण वाळल्यावर ते परत ठेवले, तर पाण्यात जाणारा अंश नगण्य राहतो.

शिवाय जेथे माशांचे पाणी भाज्यांकडे जाते पण भाज्यांकडचे पाणी टाकीत परतत नाही, अशा दुहेरी वर्तुळाच्या रचना आता बऱ्याच उत्पादकांनी स्वीकारल्या आहेत. तेथे सरसकट बंदीला काय अर्थ आहे?

आणि मित्रकीटकांच्या मर्यादांबद्दल आपण काहीच लिहिलेले नाही. लाल कोळी खाणारा फायटोसेयुलस पर्सिमिलिस हा भक्षक कोळी आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली गेली की मार खातो, कारण त्याची अंडी सुकतात. लाल कोळीला नेमके उष्ण आणि कोरडे हवामान मानवते. म्हणजे ज्या दिवसांत रक्षकाची सर्वाधिक गरज, त्याच दिवसांत तो दुबळा असतो.

मत्स्यसखी

मी या चर्चेत माशांच्या बाजूने बोलते. ‘नगण्य अंश’ हा शब्दप्रयोग मोठ्या तळ्याला शोभतो. ॲक्वापोनिक्समध्ये तेच पाणी दिवसभरात अनेकदा फिरते आणि नवे पाणी घातले जाते ते प्रामुख्याने बाष्पीभवनाची व पिकाने शोषलेल्या पाण्याची भर म्हणून. त्यामुळे जे आत गेले ते सहजासहजी बाहेर पडत नाही. मासे तोंड वर काढून हवा घेऊ लागले किंवा खाद्य पडूनही वर आले नाहीत, तर पाणी बिघडल्याचे आपल्याला कळते. पण तोपर्यंत उशीर झालेला असतो.

दुसरी गोष्ट, जिच्याकडे दोघांनीही लक्ष दिलेले नाही, ती म्हणजे जैवगाळणीतील जिवाणू. माशांच्या उत्सर्गातील अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे हे जिवाणू संपूर्ण व्यवस्थेचा कणा आहेत. भुरी किंवा करपा हे बुरशीजन्य रोग आवरण्यासाठी सेंद्रिय शेतीत सर्रास वापरले जाणारे ताम्रयुक्त बुरशीनाशक पाण्यात उतरले तर ते माशांना बाधतेच, या जिवाणूंनाही बाधते आणि मग विषापेक्षा साचलेला अमोनियाच मासे मारतो. भुरीसाठी पोटॅशियम बायकार्बोनेट हा त्या मानाने सुरक्षित मार्ग आहे; पोटॅशियमची या पाण्यात एरवीही कमतरता असते, म्हणून थोडे पडले तरी ते पिकाच्या उपयोगी येते. पाण्याचा सामू (आम्लता) मात्र पाहत राहावा लागतो.

काकडीवेल

माझे हरितगृह निव्वळ भाज्यांचे आहे, मासे नाहीत. तरीही मी धागाकर्तीच्या बाजूने आहे आणि माझे कारण वेगळे आहे. फवारणी आणि मित्रकीटक हे दोन्ही एकाच मांडवात सुखाने नांदत नाहीत. काही औषधांचा अंश पानांवर आणि सांगाड्यावर कित्येक आठवडे टिकून भक्षक कीटकांना मारत राहतो. भुरीवरचा गंधकही भक्षक कोळ्यांना बाधतो. ‘आधी फवारू, मग कीटक सोडू’ असे म्हणणाऱ्याचे सोडलेले कीटक वाया जातात आणि तो पद्धतीलाच दोष देतो.

स्पेनचे उदाहरण पाहावे. २००६ च्या अखेरीस जर्मनीच्या बाजारात स्पेनमधील ढोबळ्या मिरचीत परवानगी नसलेल्या कीटकनाशकाचा अंश सापडला आणि अल्मेरिया परिसरातील मिरची उत्पादकांची बाजारपेठ धोक्यात आली. त्यानंतरच्या मोजक्या हंगामांत तेथील मिरचीचे बहुतेक हरितगृहक्षेत्र अँब्लिसेयुस स्विर्स्की हा भक्षक कोळी आणि ओरियस हा ढेकूणवर्गीय कीटक यांच्याकडे वळले. पांढरी माशी आणि फुलकिडे हे दोन्ही शत्रू त्या जोडीने आटोक्यात ठेवले. इतक्या मोठ्या प्रमाणावर जे जमले ते अव्यवहार्य कसे म्हणता येईल?

निंबोळी यांनी कोरड्या हवेचा मुद्दा काढला, तो बरोबर आहे. पण त्याला निओसेयुलस कॅलिफॉर्निकस हे उत्तर आहे. हा कोळी उष्णता आणि कोरडेपणा अधिक सोसतो, आणि भक्ष्य कमी असताना परागकणांवरही तग धरतो.

निंबोळी

काकडीवेल, स्पेनमधील यश मी नाकारत नाही, पण ते मिरचीवर मिळाले आहे आणि हा तपशील निर्णायक आहे. मिरचीला महिनोन्‌महिने फुले असतात, स्विर्स्की कोळी परागकण खाऊन कीड नसतानाही झाडावर टिकतो. टोमॅटोवर तोच कोळी नीट वसत नाही, कारण टोमॅटोच्या देठापानांवरील चिकट ग्रंथियुक्त केस त्याला अडवतात. मग तेथे मॅक्रोलोफस किंवा नेसिडिओकोरिस हे ढेकूणवर्गीय भक्षक कीटक आणावे लागतात, आणि भक्ष्य संपले की नेसिडिओकोरिस टोमॅटोच्या कोवळ्या शेंड्यांनाच सोंड लावतो.

ॲक्वापोनिक्समध्ये तर बहुतांश पीक लेट्यूससारख्या पालेभाज्यांचे असते. तराफ्यावर लावल्यापासून चार-पाच आठवड्यांत ते काढणीला येते. मित्रकीटकाची एक पिढी पुरी होते न होते तोच त्याचे घर कापून बाजारात जाते. आणि समजा अफिडियस या परोपजीवी गांधीलमाशीने मावा मारला, तरी मेलेल्या माव्याचे फुगलेले, सोनेरी-तपकिरी कवच पानाला डिंक लावल्यासारखे चिकटून राहते. पाण्याच्या धारेनेही ते सहज सुटत नाही. टोमॅटो किंवा काकडीच्या उत्पादकाला पानावर काय चिकटले आहे याची फिकीर नसते, कारण तो फळ विकतो. आम्ही पानच विकतो. ग्राहक ताटातल्या पानावर ते कवच पाहून ‘वा, नैसर्गिक’ असे म्हणणार नाही, भाजी परत करील.

जलपर्ण (धागाकर्ती)

पालेभाजीचा मुद्दा या चर्चेतला सर्वांत कठीण मुद्दा आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहिते.

एक तुकडी चार-पाच आठवड्यांत निघते हे खरे. परंतु तराफ्यांची पद्धत अशी असते की दर आठवड्याला एका टोकाला नवी रोपे येतात आणि दुसऱ्या टोकाची कापली जातात. त्यामुळे हरितगृहात सर्व वयांची झाडे कायम असतात. मित्रकीटकांना टिकवण्याचे काम विकायच्या पिकावर टाकण्याऐवजी त्यांच्यासाठी वेगळी आश्रयझाडे ठेवता येतात. गहू किंवा सातूच्या कुंड्यांवर केवळ तृणधान्यांवर जगणारा मावा वाढवतात. तो लेट्यूसवर जात नाही. अफिडियस कोलेमानी त्या माव्यात अंडी घालून आपली संख्या राखतो आणि लेट्यूसवर पहिला पंखधारी मावा उतरतो तेव्हा त्याचा समाचार घ्यायला आधीच हजर असतो. माव्याची वसाहत होण्याआधी दोन-चार मावे टिपले गेले, तर कवचेही दोन-चारच राहतात, आणि तीही बाहेरच्या, काढणीच्या वेळी खुडून टाकायच्या पानांवर असण्याची शक्यता अधिक असते. कवचांनी भरलेले पान हे उशिरा सोडलेल्या मित्रकीटकांचे लक्षण आहे.

मात्र येथे मावा ओळखता येणे अनिवार्य आहे. कोलेमानी हिरव्या पीच माव्यावर आणि कपाशीच्या माव्यावर चांगला चालतो. बटाट्यावरील मोठा, लांब पायांचा मावा आला असेल तर अफिडियस एर्व्ही लागतो. ‘मावा आहे’ एवढे कळून भागत नाही. तो कोणता, हे भिंगाखाली पाहिल्याशिवाय मित्रकीटक मागवू नयेत.

दुहेरी वर्तुळाच्या रचनेबाबत निंबोळी यांचे म्हणणे मान्य आहे. जेथे पाणी परतत नाही तेथे माझा नियम लागू होत नाही; माझे विधान परतणाऱ्या पाण्यापुरतेच वाचावे.

चिकटसापळा

दोन्ही पक्ष ‘काय सोडायचे’ आणि ‘काय फवारायचे’ यावरच बोलत आहेत. कीड आत आलीच कशी, हा प्रश्न आधीचा आहे. दारे दुहेरी असावीत, झरोक्यांना बारीक जाळी असावी, नवी रोपे काही दिवस वेगळी ठेवून तपासावीत, आणि हरितगृहाच्या भोवती तण वाढू देऊ नये. फुलकिड्यांना अडवणारी जाळी इतकी बारीक असते की हवा खेळेनाशी होते आणि आतले तापमान चढते. त्यासाठी झरोक्याचे क्षेत्रफळ वाढवावे लागते, हे जाळी विकणारे सहसा सांगत नाहीत. पिवळे चिकट सापळे पांढरी माशी व मावा दाखवतात, निळे फुलकिडे. पण पिवळा सापळा परोपजीवी गांधीलमाशांनाही पकडतो. पाहणीपुरते मोजके सापळे लावावेत, पट्टेच्या पट्टे टांगू नयेत.

धागाकर्तीच्या भूमिकेवर माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. मित्रकीटक सोडणे हेही निसर्गातले हस्तक्षेपच आहे. मूळ आशियातला हार्मोनिया ॲक्सिरिडिस हा ढालकिडा माव्यासाठी युरोप आणि उत्तर अमेरिकेत सोडला गेला. तो बाहेर पसरला आणि तेथील स्थानिक ढालकिड्यांवर भारी पडला. हरितगृह बंदिस्त असते ही समजूत झरोका उघडला की संपते. त्यामुळे जी जात त्या प्रदेशात मुळात आढळत नाही, ती परवान्याशिवाय आणू नये, आणि स्थानिक जात उपलब्ध असेल तर तिलाच प्राधान्य द्यावे.

काकडीवेल

स्थानिक जातींच्या आग्रहाशी मी सहमत आहे. एक भर घालतो: बाहेरची कीड कायम अडवली जाईल असे धरून चालू नये. जाळीतून एक मादी शिरली तरी पुरते, कारण मावा नराशिवाय जिवंत पिल्ले घालतो.

निंबोळी

माझा शेवटचा प्रश्न धागाकर्तीस. आश्रयझाडे ठेवली, ओळख बरोबर केली, तरीही एखाद्या उष्ण पंधरवड्यात परोपजीवीवरच जगणारे दुय्यम परोपजीवी वाढले, अफिडियसची संख्या कोसळली आणि एका टोकाच्या तराफ्यांवर मावा पसरला. आश्रयझाडांच्या पद्धतीत हे घडते, आपल्यालाही ठाऊक असेल. अशा वेळी मी ते तराफे बाहेर नेऊन ॲझाडिरॅक्टिन फवारीन. आपण काय कराल?

जलपर्ण (धागाकर्ती)

मी फवारणार नाही. आधी त्या तराफ्यांवरची सर्वाधिक ग्रासलेली रोपे मुळासकट काढून बंद पिशवीत घालून बाहेर नेईन. उरलेली रोपे साध्या पाण्याच्या जोरदार धारेने उलटसुलट धुवीन. पडलेला मावा पाण्यात गेला तर मासे तो खातात. जुनी आश्रयझाडे तत्काळ काढून टाकीन, कारण आता ती दुय्यम परोपजीवींची पैदास करत असतील, आणि त्यांच्या जागी क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या कीटकाच्या मावा खाणाऱ्या अळ्या सोडीन. त्या अळ्या एकमेकींनाही खातात, म्हणून एका ठिकाणी न ओतता झाडागणिक पसराव्या लागतात. यात काही रोपे वाया जातील, हे मी गृहीत धरते.

निंबोळी

वाया जाणारी रोपे किती, यावर माझा निर्णय अवलंबून राहील. एखाददुसरा तराफा असेल तर आपला मार्ग स्वीकारीन. त्याहून अधिक असतील तर ट्रे बाहेर नेऊन फवारीन, पाने वाळेपर्यंत थांबेन आणि ते तराफे परत ठेवण्यापूर्वी त्यांची खालची बाजू स्वच्छ पाण्याने धुऊन घेईन.

मत्स्यसखी

ते धुतलेले पाणीही टाकीकडे वाहू देऊ नये, एवढे त्यात जोडावे.