क्रिएटिनिन नॉर्मल असताना लघवीतून अल्ब्युमिन का जाते?

बेळगुंदीकर:
नमस्कार. माझ्या वडिलांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. बेळगावच्या लॅबमधून आलेल्या अहवालात क्रिएटिनिन (मूत्रपिंड रक्तातून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) ०.९ आहे, पण अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाचे लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ८६ आले आहे. रक्तदाब १४०/८८ आहे. डॉक्टरांनी टेल्मिसार्टन सुरू करून ‘किडनीसाठी आहे’ एवढेच सांगितले. बाहेर रांग असल्याने अधिक विचारता आले नाही. रक्तदाबाच्या गोळीचा किडनीशी काय संबंध?

निपाणीकर:
प्रत्येक मूत्रपिंडात साधारण दहा लाख गाळण्या असतात. गाळणी म्हणजे केशवाहिन्यांचा गुंता. त्यात एका धमनिकेने, म्हणजे बारीक धमनीने, रक्त येते आणि दुसरीने बाहेर पडते. रक्तातील साखर वाढली की मूत्रपिंडातील नलिका गाळलेल्या द्रवातून साखरेबरोबर मीठही अधिक शोषून घेतात, त्यामुळे पुढच्या टप्प्यावर मीठ कमी पोहोचते, गाळण अपुरे पडते आहे असा चुकीचा निरोप जातो आणि आत येणारी धमनिका सैल होते. बाहेर जाणारी मात्र अँजिओटेन्सिन या रक्तवाहिन्या आवळणाऱ्या संप्रेरकामुळे आवळलेली असते. उसाला पाटाने पाणी सोडावे आणि सरीचे शेवटचे तोंड बुजवावे, तशी ही तुंब असते. या दाबाने आणि साखरेने वर्षानुवर्षे गाळणीचा पडदा जाड होतो, तरीही गळका बनतो, कारण त्याला बाहेरून धरून ठेवणाऱ्या पोडोसाइट पेशी झडतात आणि त्यांची जागा सहसा भरून निघत नाही. क्रिएटिनिन मात्र बहुधा निम्मी क्षमता गेल्यावरच ठळकपणे वाढते, म्हणून केवळ त्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. टेल्मिसार्टन याच अँजिओटेन्सिनला अडवते आणि बाहेर जाणारी धमनिका सैल करून आतला दाब उतरवते.

हुक्केरीकर:
उत्तम उत्तर. हे गुणोत्तर ३० ते ३०० असेल तर तो अल्ब्युमिन जाण्याचा सुरुवातीचा टप्पा मानतात. ताप किंवा लघवीचा जंतुसंसर्ग असतानाही आकडा वाढतो, म्हणून तीन ते सहा महिन्यांत तपासणी पुन्हा करून खात्री करतात. गोळी सुरू झाल्यावर क्रिएटिनिन थोडे वाढू शकते. ती वाढ ३० टक्क्यांच्या आत असेल तर सहसा गोळी थांबवत नाहीत. पोटॅशियमही तपासून घ्यावे.

बेळगुंदीकर:
आभारी आहे. गुडघेदुखीसाठी बाबा मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून घेतात. ते चालेल का?

निपाणीकर:
स्वतःहून तर नकोच. ते औषध आत येणारी धमनिका आवळते आणि टेल्मिसार्टन बाहेरची सैल करते, त्यामुळे गाळण एकदम खालावू शकते. जुलाब-उलट्यांनी शरीरातील पाणी कमी झाले असेल तर धोका आणखी वाढतो. गुडघ्यांसाठी दुसरे काय देता येईल, हे त्याच डॉक्टरांना विचारा, आणि जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्या.